दारावरची पाटी आम्ही तीनदा परत केली: श्टुटगार्टच्या एका जिन्याचं प्रकरण

२०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथे जर्मनीत, आमच्या बिल्डिंगमध्ये जे झालं ते आता नीट लिहून काढतेय, कारण नंतर इथे आलेल्या चार-पाच जणांशी बोलताना लक्षात आलं की प्रत्येकाचं असं काहीतरी झालेलं आहे, कुणाचं कचऱ्यावरून, कुणाचं रविवारी ड्रिल मशीन लावल्यावरून, आणि सगळ्यांनी त्यातून काढलेला अर्थ एकच, की इथल्या लोकांना आपण नकोय. आमचाही तोच होता, चांगले सात आठवडे. तो चुकीचा निघाला, पण नेमका कुठे चुकला हे दोन ओळीत सांगता येत नाही म्हणून सगळंच सांगते.

घर आणि आम्ही

मी नोकरीवर आले, ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणाऱ्या राहण्या-कामाच्या परवान्यावर. सोबत नवरा आणि साडेतीन वर्षांची मुलगी. माझं जर्मन ए-वन पुरतं, म्हणजे "मला कॉफी हवी" आणि "स्टेशन कुठे आहे" इथपर्यंत, नवऱ्याचं तेवढंही नाही. ऑफिसात सगळं इंग्लिशमध्ये चालतं त्यामुळे भाषेवाचून अडत नाही असं मला वाटायचं, आणि ते ऑफिसपुरतं खरंही होतं.

घर मिळालं श्टुटगार्ट-वेस्ट भागात. हे शहर वाडग्यासारखं आहे, मधे खोलगट आणि सगळीकडून टेकड्या, त्यामुळे गावभर दगडी पायऱ्यांच्या वाटा, चारशेच्या वर आहेत, श्टेफेले म्हणतात त्यांना. बिल्डिंग जुनी, चार मजले, मजल्यावर दोन घरं, लिफ्ट नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, समोरच्या दारात एक आजी, सत्तरीच्या पुढच्या, एकट्या. त्यांच्या घरात त्या १९७४ पासून राहतायत हे खूप नंतर कळलं.

पहिल्या महिन्यात माणूस कागदांच्या मागे असतो. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्ता नोंदवायचा, आनमेल्डुंग, त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो, मग टॅक्सचा अकरा आकडी नंबर पोस्टाने येतो, तो आला की पगार नीट सुरू, बँकेचं कार्ड वेगळ्या पाकिटात आणि पिन आणखी वेगळ्या पाकिटात. सगळं पोस्टाने. आणि इथे फ्लॅटला सहसा नंबर नसतो, बेलवर आणि पेटीवर जे आडनाव लिहिलंय ते बघून पोस्टमन पत्र टाकतो. आमचं नाव पेटीवर लावायला आम्ही दहा दिवस घेतले, तेवढ्यात टॅक्सवालं पत्र परत गेलं.

नाव लावल्यावर उलटं झालं. पेटी भरून वाहायला लागली. पिझ्झावाल्यांची पत्रकं, फर्निचरचे सेल, सुपरमार्केटची साप्ताहिकं. शेजारच्या सगळ्या पेट्यांवर एक छोटा स्टिकर होता, "जाहिराती टाकू नका" असा, आमच्या पेटीवर नव्हता. मी रोज संध्याकाळी गठ्ठा वर आणायचे, ज्यावर आमचं नाव छापलंय ते ठेवायचं आणि बाकीचं न वाचता कागदाच्या डब्यात. त्यात रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्रसुद्धा गेलं असतं, दर घराला तेव्हा महिना १८.३६ युरो, टीव्ही असो वा नसो, केवळ नाव छापलेलं होतं म्हणून वाचलं. ही कागद टाकायची पद्धत लक्षात ठेवा, पुढे त्यानेच घोळ झाला.

पाटी

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी रात्री आमच्या दाराच्या मुठीला एक छोटी लाकडी पाटी अडकवलेली दिसली. दोरी लावलेली, जुनी, कडा झिजलेल्या. त्यावर एकच शब्द, केअरवोखे. फोनवर टाकून बघितलं तर "झाडण्याचा आठवडा". आम्हाला वाटलं साफसफाईवाले येणार आहेत त्यांची ती खूण असेल. भाड्याबरोबर आम्ही नेबनकोस्टन भरत होतो, म्हणजे पाणी, हीटिंग, कचरा वगैरेचा वरखर्च, आणि ऑफिसातल्या एकाच्या बिल्डिंगमध्ये त्याच पैशात जिना झाडायला कंपनी येते हे मला माहीत होतं. तेव्हा हे गृहीतच धरलं. आजींच्या दाराला पाटी अडकवायला पितळेचा हूक होता, आमच्या दाराला हूक नाही, तर नवरा म्हणाला ही त्यांचीच आहे, आपल्या पोरीने काढून इकडे लावली असणार. त्याने नेऊन त्यांच्या हुकाला लावली. चांगल्या मनाने लावली हो.

दोन आठवड्यांनी पाटी परत आमच्या दाराला. पोरीला विचारलं तर ती नाही म्हणाली, आम्हाला खरं वाटलं नाही. परत नेऊन लावली. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिसऱ्यांदा आली, तिसऱ्यांदा परत केली. त्या सुमाराला आजी जिन्यात भेटल्या की बोलेनाशा झाल्या. आधी निदान "ग्र्यूस गॉट" म्हणायच्या, इकडे दक्षिणेत नमस्काराला हेच म्हणतात, आणि मी नुसतं हसून मान हलवायचे कारण मला उच्चार जमायचा नाही. आता त्या माझ्याकडे न बघता दार लावून घ्यायच्या.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुसरीच पाटी आली. मोठी. ही आजींकडून नव्हे, खालच्या मजल्यावरून कुणीतरी आणून लावलेली. यावेळी आम्ही ती हलवलीसुद्धा नाही, तशीच लटकत राहिली. त्या आठवड्यात सारखा पाऊस, समोरच्या झाडांची पानं फुटपाथभर, ओली होऊन चिकटलेली. चौथ्या दिवशी प्रवेशदाराच्या आत एक कागद चिकटवलेला, हाताने लिहिलेला, कुणाचं नाव नाही, पण "तिसरा मजला" हे शब्द मलाही वाचता आले. त्याच्या पुढच्या सोमवारी घरमालकाचं रजिस्टर पत्र. वरती ठळक अक्षरात अबमानुंग.

हा शब्द शोधून बघितला आणि हातपाय गार पडले. अबमानुंग म्हणजे औपचारिक ताकीद, घर सोडायला लावायच्या आधीची पायरी असू शकते. घर गेलं तर पत्ता गेला, पत्ता गेला तर नोंदणी, व्हिसा, पोरीची किंडरगार्टनमधली जागा, माझं डोकं एका मिनिटात सगळीकडे फिरून आलं. त्या रात्री नवरा आणि मी पहिल्यांदा गंभीरपणे परत जायचं बोललो.

करारात होतं

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला पत्र दाखवलं, तो इथलाच, श्वाबिश, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपासच्या या भागातला. त्याने पत्र वाचलं, करार मागितला. चोवीस पानांचा करार आम्ही सही करताना ट्रान्सलेट केला होता पण फक्त भाडं, डिपॉझिट, तीन महिन्यांची नोटीस एवढंच. त्याने शेवटचं जोडपत्र उघडलं, हाउसओर्डनुंग, घराचे नियम. त्यात स्पष्ट होतं की या बिल्डिंगमध्ये सफाई भाडेकरू पाळीने करतात. छोटी पाळी म्हणजे आपल्या मजल्याचा जिना आणि चौक, समोरच्या घराबरोबर एकाआड एक आठवडा. मोठी पाळी म्हणजे फुटपाथ, अंगण, तळघराची वाट, कचऱ्याच्या डब्यांची जागा, हिवाळ्यात बर्फ, ही आठही घरांत फिरते. ज्याच्या दाराला पाटी त्याचा आठवडा. झालं की पाटी पुढच्या दाराला लावायची.

म्हणजे आम्ही तीन वेळा आमची पाळी न करता त्या बाईंच्या गळ्यात टाकली होती. आणि त्या प्रत्येक वेळी गपचूप झाडत होत्या.

सहकाऱ्याने आणखी सांगितलं ते मला महत्त्वाचं वाटतं. हा प्रकार या भागाचा फार जुना आहे. १४९२ च्या श्टुटगार्टच्या नियमांत आपली घाण दर आठवड्याला बाहेर नेण्याचं आहे, १७१४ मध्ये इथल्या ड्यूकने, एबरहार्ड लुडविगने, गल्ल्या साफ ठेवण्याचा वेगळा हुकूम काढला. शहराच्या कायद्यातली सक्ती १९८८ मध्ये, मानफ्रेड रोमेल महापौर असताना, रद्द झाली. आता जे उरलंय ते भाड्याच्या करारांतून आणि घरांच्या नियमांतून. करारात असेल तर करायचं, नसेल तर भाडेकरूवर बंधन नाही. भाडेकरूंच्या संघटनेत, मीटरफेराइनमध्ये, मी नंतर मेंबर झाले आणि वेळ घेऊन विचारलं, त्यांनीही हेच सांगितलं.

इथे दोन रस्ते होते. करार आम्हाला न समजणाऱ्या भाषेत होता, कुणी तोंडी सांगितलं नाही, ताकीद एकदम कशी दिली, असं भांडता आलं असतं. नवऱ्याला तसंच वाटत होतं, तो म्हणाला एवढं भाडं भरून वर जिनाही आपणच पुसायचा का. मलाही पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला सांगू. पण मग मी स्वतःला विचारलं की या आधी आपण राहिलो त्या प्रत्येक इमारतीत जिना कोण झाडायचं, तर मला एकाही माणसाचं नाव सांगता येईना. जिना झाडणं हे आपलं काम असू शकतं हे आमच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती, कारण ते कायम दुसऱ्या कुणीतरी, आमच्या नजरेआड केलेलं. भाषा येत नव्हती हे खरं, पण ती पाटी भाषेमुळेच कळली नाही असं मी म्हणणार नाही. पाटीवर "झाडण्याचा आठवडा" लिहिलंय हे आम्हाला पहिल्याच रात्री कळलं होतं.

शनिवार

सहकारी म्हणाला आधी गिफ्ट वगैरे नेऊ नका, ते मागून. नियमांचा कागद घेऊन जा आणि दाखवायला सांगा. आणि रविवारी जाऊ नका, रविवार इथे शांततेचा, घटनेतच संरक्षण आहे त्याला, दुपारी एक ते तीनही जाऊ नका. एक वाक्य त्याने लिहून दिलं, "हे मला दाखवाल का प्लीज", ते मी दोन दिवस घोकलं.

शनिवारी अकराला आम्ही दोघं आजींच्या दारात. बेल वाजवली, दार उघडलं, मी वाक्य म्हटलं आणि कागद पुढे केला. त्यांनी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. काहीतरी बोलल्या जे मला कळलं नाही आणि आत गेल्या, दार अर्धं उघडं. मला वाटलं झालं, संपलं. दोन मिनिटांनी त्या ॲप्रन घालून बादली घेऊन बाहेर आल्या.

जिना वरून खाली करायचा. आधी पायपुसणी उचलून बाहेर झटकायची, झाडून तिच्याभोवतीने जायचं नाही. मग झाडू, पायरीचा आतला कोपरा आधी, कारण धूळ तिथेच बसते. मग ओलं फडकं, पण पिळून, लाकूड आहे, पाणी साचता कामा नये. कठडा. जिन्याच्या खिडकीची कडा. माझ्या हातातून फडकं दोनदा घेऊन त्यांनी परत पिळून दिलं. एकदाही हसल्या नाहीत, पण वीस-पंचवीस मिनिटं त्या माझ्यासोबत गुडघ्यावर बसून होत्या, त्या वयात, आणि मला रडू येत होतं ते मी कसंतरी आवरलं. मग तळघरात नेलं, बर्फाचं फावडं कुठे, बारीक खडीची बादली कुठे, आणि दारामागे लावलेली आठ घरांची यादी. तिसरा मजला उजवीकडे, तिथे आमच्या आधीच्या भाडेकरूचं नाव पेनाने खोडलेलं होतं आणि पुढे काहीच नव्हतं.

त्यांच्या बाजूने

हे पुढच्या काही महिन्यांत तुकड्या-तुकड्यात कळलं, माझं जर्मन जसं वाढलं तसं. मला या सगळ्या प्रकरणातला हाच भाग सगळ्यात जास्त लागला.

आमच्या आधी ते घर अडीच महिने रिकामं होतं. ते सगळे आठवडे जिना त्यांनी एकटीने केला होता, गुडघे दुखत असताना, आणि नवीन लोक आले म्हणून त्यांना बरं वाटलं होतं. पहिल्यांदा पाटी परत आली तेव्हा त्या समजल्या की यांना माहीत नाही. म्हणून त्यांनी घराच्या नियमांची एक प्रत काढली, सफाईच्या कलमाखाली पेनाने रेघ मारली आणि आमच्या पेटीत टाकली. पाकीट नाही, नाव नाही, नुसता घडी घातलेला कागद. मी तो पिझ्झाच्या पत्रकांबरोबर कागदाच्या डब्यात टाकला असणार. तेव्हा दुसऱ्यांदा पाटी परत आली ती त्यांच्या दृष्टीने, आता माहीत असूनही परत आली. तिसऱ्यांदा तर उघड अपमान.

आम्ही म्हणत होतो कुणी सांगितलं का नाही. त्यांनी सांगितलं होतं. त्यांच्या पद्धतीने, लेखी, आणि दार वाजवून नवीन माणसाला तोंडावर खजील न करता. त्यांना ते सभ्यपणाचं वाटलं. आम्हाला दार वाजवणं सभ्यपणाचं वाटलं असतं आणि कागद चिकटवणं उर्मटपणाचं. प्रवेशदारावरचा तो निनावी कागद मात्र त्यांचा नव्हता, तो कुणाचा हे मी शोधायला गेले नाही, आणि त्याबद्दल माझं मत आजही चांगलं नाही. आठ घरांच्या बिल्डिंगमध्ये सही न करता लिहायचं काही कारण नव्हतं.

आणखी एक. आमची पोर तेव्हा संध्याकाळी घरभर पळायची, मला रोज भीती की आता तक्रार येणार. एकदाही आली नाही. मी आजींना नंतर विचारलं तर म्हणाल्या मूल आहे, पळणारच. जी गोष्ट मला धोक्याची वाटत होती तिचं त्यांना काही नव्हतं, आणि जी माझ्या लेखी क्षुल्लक होती ती त्यांच्या मनाला लागली होती.

पुढे काय झालं

घरमालकाला मी पत्र लिहिलं, सहकाऱ्याच्या मदतीने, चूक मान्य केली, कधीपासून पाळी सुरू केली ते लिहिलं. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं की विषय संपला. पेटीवर स्टिकर लावला, आणि आता नाव नसलेला कागदसुद्धा वाचल्याशिवाय डब्यात जात नाही. करारातलं प्रत्येक जोडपत्र नवऱ्याने बसून ट्रान्सलेट केलं, त्यात हिवाळ्यात रोज खिडक्या पूर्ण उघडून हवा खेळवायची वगैरे होतं, ते आम्ही तोवर करतच नव्हतो आणि बाथरूमच्या कोपऱ्यात बुरशी धरायला लागली होती, ती वेळेत सापडली.

त्या हिवाळ्यात एका सकाळी बर्फ पडला तेव्हा मोठी पाटी तळमजल्यावरच्या जोडप्याकडे होती. नवरा तरीही खाली गेला, हातात घरातली मिठाची पिशवी. आजींनी वरून खिडकी उघडून ओरडून थांबवलं, मीठ नको, झाडांना आणि कुत्र्यांच्या पायांना वाईट, खडी टाक. जो नवरा "वर जिनाही आपणच पुसायचा का" म्हणत होता त्याने त्या दिवशी शेजारच्या बिल्डिंगपर्यंत खडी टाकली.

नवीन येणाऱ्यांना मी आता एकच सांगते, सही करायच्या आधी विचारा की इथे जिना कोण झाडतं. कंपनी, की आपण? घरमालक लगेच सांगतो, कारण इथे तो अगदी साधा प्रश्न आहे. आणि जिन्यात कुणी भेटलं की उच्चार कसाही येवो, तोंडाने नमस्कार म्हणा, नुसतं हसणं इथे पोचत नाही.

आजी काही मायाळू वगैरे झाल्या नाहीत. आम्ही अजून एकमेकींना झी म्हणतो, म्हणजे अहो-जाहो, अगं-तुगं त्यांनीच सुरू करायचं असतं आणि त्यांनी केलेलं नाही. सुरुवातीला माझी पाळी झाल्यावर त्या बाहेर येऊन जिना बघायच्या आणि कोपरा दाखवायच्या. नंतर दाखवेनाशा झाल्या. या भागात म्हणच आहे की रागावलं नाही म्हणजे पुरेसं कौतुक झालं.

डिसेंबरच्या शेवटी त्यांनी बेल वाजवली. हातात कोरा कागद आणि पेन. आमचं आडनाव विचारलं, एकेक अक्षर करून, रोमनमध्ये अकरा होतात. दोनदा परत विचारून खात्री केली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तळघरात गेले तेव्हा दारामागे नवीन वर्षाची यादी लागलेली होती, टाइप केलेली, तिसरा मजला उजवीकडे, अकराही अक्षरं बरोबर.